लहानपणी वाचलेली ती गोष्ट कशी शोधायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरवलेल्या गोष्टी शोधायला लोकांना मदत करता करता बरीच वर्षं झाली. पत्रं येतात, फोन येतात, लग्नकार्यात कुणीतरी हाताला धरून बाजूला नेतं आणि म्हणतं, "एक मांजर होतं, एक जिना होता, पुढचं काही आठवत नाही." पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हे सगळं मराठीत वाचलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टींबद्दल आहे. विचारणारे बहुतेक जण १९५० ते १९९०च्या दरम्यान लहान होते, म्हणून भर त्या काळावर आहे.

१. ना गोष्टीचं नाव आठवतं, ना लेखकाचं. तरी सापडेल का?

सापडू शकते. लहान मूल लेखकाचं नाव वाचतच नाही, ते चित्र बघतं आणि गोष्टीत शिरतं. त्यामुळे नाव न आठवणं ही अडचण नाही, ती नेहमीचीच परिस्थिती आहे. उलट ज्यांना नाव पक्कं आठवतं त्यांचाच शोध पुष्कळदा लांबतो. ते नाव त्यांनी किंवा त्यांच्या भावंडांनी घरात पाडलेलं असतं आणि छापील नाव भलतंच निघतं. तेव्हा आठवणारं नाव टिपून ठेवा, पण त्याच्यावरच अडून बसू नका.

२. सुरुवात कुठून करू?

कागद-पेन घेऊन बसा आणि शोधायला लागायच्या आधी आठवतं तेवढं सगळं लिहून काढा. हा क्रम महत्त्वाचा आहे. एकदा तुम्ही चार मिळत्याजुळत्या गोष्टी वाचल्या की त्यांतले तुकडे तुमच्या आठवणीत मिसळतात आणि मूळचं कुठलं, नंतरचं कुठलं, हे तुम्हालाही सांगता येत नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. त्यांनी लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा ती आठवून लिहायला सांगितली. दर वेळी अनोळखी तपशील गळत गेले आणि त्यांच्या जागी ओळखीचे आले. आपणही तेच करतो. परदेशी गोष्टीतली शेकोटी आठवणीत चूल होऊन बसते.

लिहिताना गोष्टीच्या आधी भोवतालचं लिहा. कुठल्या घरात वाचली, तेव्हा कितवीत होता, पुस्तक स्वतःचं होतं की वाचनालयाचं, वाचून कुणी दाखवलं, कागद गुळगुळीत होता की खरखरीत, पुस्तक मांडीवर मावत होतं की जमिनीवर पसरावं लागायचं. एका काकांना गोष्टीतलं फक्त एका बुटक्या माणसाचं चित्र आठवत होतं. पण ते पुस्तक स्नेहसंमेलनात बक्षीस मिळालं होतं आणि आत 'निबंध स्पर्धा, दुसरा क्रमांक' अशी चिठ्ठी डकवलेली होती, हे ते छातीठोकपणे सांगत होते. त्या चिठ्ठीने साल हातात आलं. साल आलं की शोध निम्म्याने सोपा होतो.

३. आठवणीतलं नेमकं काय कामाला येतं?

जे विचित्र आहे ते. गोष्टीत घोळून घोळून येणारी एखादी ओळ, न समजलेला शब्द, प्राण्याचं आगळं नाव, चित्रातली एखादी चमत्कारिक वस्तू. 'एक गरीब पण प्रामाणिक लाकूडतोड्या होता' यावरून काहीच हाती लागत नाही. 'त्याच्या कुऱ्हाडीला तो नावाने हाक मारायचा' हे लाखमोलाचं असतं. तात्पर्य तर बाजूलाच ठेवा. ते बहुधा मोठेपणी आपणच जोडलेलं असतं.

भीती मात्र आवर्जून लिहा. ज्या पानाला घाबरून तुम्ही ते दोन बोटांनी उलटत होता, त्या पानावर काय होतं हे लोकांना आश्चर्य वाटेल इतकं नेमकं आठवतं.

४. इंटरनेटवर शोधलं, काहीच येत नाही. माझं काय चुकतंय?

बहुतेक वेळा काहीच चुकत नसतं. जुनी मराठी पुस्तकं आणि अंक इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलेले असतात, म्हणजे पानांचे फोटो असतात. आतली अक्षरं यंत्राला वाचता आलेली नसतात किंवा त्याने चुकीची वाचलेली असतात. त्यामुळे गोष्टीतलं वाक्य टाकून ती समोर येत नाही. मासिकाचं किंवा मालेचं नाव शोधायचं आणि अनुक्रमणिका उघडून बघायची, हाच मार्ग.

'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ने स्कॅन केलेली हजारो पुस्तकं आता 'इंटरनेट आर्काइव्ह'वर आहेत, पण त्यांची नावं पुष्कळदा रोमन लिपीत आणि वाटेल त्या स्पेलिंगने टाकलेली आहेत. 'गोष्टी' हा एकच शब्द तिथे चार प्रकारांनी लिहिलेला असतो. सगळे प्रकार टाकून बघा. देवनागरीत शोधताना जुनं लेखनही करून बघा: काही–कांहीं, नाव–नांव, पाच–पांच. शब्दात 'ऱ्या' असेल तर तो शब्द टाळा, कारण हे अक्षर संगणकावर दोन वेगवेगळ्या प्रकारांनी टाइप होतं आणि एका प्रकाराला दुसरा सापडत नाही.

५. मासिकात वाचली होती एवढं नक्की, पण कुठल्या ते कळत नाही.

आकार, कागद आणि घरात कुणी आणलं, यावरून ठरवा. 'चांदोबा' दर पानावर रंगीत चित्र घेऊन यायचा आणि त्यात शेवटी दोन छायाचित्रांना मथळे सुचवायची स्पर्धा असायची. 'किशोर' शाळेमार्फत घरी येण्याची शक्यता जास्त, कारण तो बालभारतीचा. १९७१ साली तो सुरू झाला आणि त्यात कवितांना, माहितीपर लेखांना आणि वाचकांच्या लेखनालाही जागा असे. तुमच्या आई-वडिलांच्या किंवा आजोबांच्या लहानपणची आठवण असेल तर 'आनंद' लक्षात घ्या. वा. गो. आपटे यांनी ते मासिक १९०६ साली सुरू केलं होतं.

'किशोर'पासून सुरुवात केलेली बरी, कारण १९७१पासूनचे अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. घरबसल्या बघता येतात. दिवाळी अंक वेगळा तपासा. मोठी गोष्ट, वेगळं चित्र, जाड अंक असं आठवत असेल तर ती दिवाळी अंकातली असण्याची शक्यता बरीच.

६. 'चांदोबा'तलीच आहे. पण अंक कसा काढू?

एक गोष्ट ध्यानात घ्या. 'चांदोबा' हा मद्रासहून निघणाऱ्या 'चंदामामा'चा मराठी अवतार. 'चंदामामा' जुलै १९४७मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला आणि 'चांदोबा' १९५२ साली आला. मजकूर बहुधा आधी तेलुगूत तयार व्हायचा आणि मग इतर भाषांत जायचा, चित्रं तीच राहायची. म्हणून मराठी अंक मिळाला नाही तर हिंदी किंवा इंग्रजी अंक चाळा. वाचता येत नसेल तर तेलुगूही चाळा. चित्र ओळखायला भाषा लागत नाही. एका ताईंनी तेलुगू अंकातलं पान पाहून "हाच तो पूल, हीच ती बाई" असं म्हटलं तेव्हा त्यांना तिथलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं.

विक्रम-वेताळाची गोष्ट असेल तर आणखी एक सूचना. लोक वेताळपंचविशी आणतात, पंचवीसच्या पंचवीस कथा वाचतात आणि निराश होतात. 'चंदामामा'ने ती चौकट घेतली आणि तिच्यात वर्षानुवर्षं नव्या गोष्टी रचल्या. राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो, राजा बोलतो आणि वेताळ पुन्हा झाडावर जातो. ही सुरुवात आणि हा शेवट दर अंकात सारखाच. तुम्हाला हवी असलेली गोष्ट मधली आहे आणि ती त्या पंचवीसमध्ये नसण्याचीच शक्यता जास्त.

७. मला वेताळ आठवतो, पण विक्रम नाही. जंगल होतं, आणि त्याच्याकडे पिस्तूल होतं.

मग तो दुसरा वेताळ. 'इंद्रजाल कॉमिक्स'मध्ये 'फँटम'ला भारतीय भाषांत वेताळ असं नाव दिलेलं होतं. ही मालिका १९६४ साली सुरू झाली आणि १९९०पर्यंत चालली. कवटीची अंगठी, गुहा, घोडा, लांडगा यांपैकी काही आठवत असेल तर शंका घ्यायला नको.

८. गोष्ट शाळेच्या पुस्तकातला धडा होती. कुठल्या वर्षीचं पुस्तक ते कसं कळेल?

तुम्ही दहावीला, म्हणजे जुन्या पद्धतीत अकरावी मॅट्रिकला, केव्हा बसलात तिथून मागे मोजा. तिसरीतला धडा असेल तर तिसरीचं वर्ष काढा आणि त्याच्या आधीची काही वर्षंही धरा, कारण एक पुस्तक बरीच वर्षं चालायचं आणि थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे यायचं. बालभारतीची स्थापना २७ जानेवारी १९६७ची. तिची जुनी क्रमिक पुस्तकं आता संकेतस्थळावर बघायला मिळतात. नववी-दहावीचं असेल तर 'कुमारभारती' शोधा. इंग्रजी किंवा इतर माध्यमाच्या शाळेत मराठी शिकला असाल तर 'सुलभभारती'.

१९६७च्या आधी शिकलेल्यांसाठी प्रकरण वेगळं आहे. तेव्हा खाजगी प्रकाशकांच्या वाचनमाला होत्या. आचार्य अत्रे यांची 'नवयुग वाचनमाला' त्यांतली गाजलेली. शिवाय विदर्भ १९५६पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि मराठवाडा हैदराबाद राज्यात. त्यामुळे नागपूरचा, औरंगाबादचा आणि पुण्याचा मुलगा एकाच वर्षी चौथीत असले तरी पुस्तकं वेगळी असू शकतात. विचारताना शाळा कुठल्या गावात होती ते जरूर सांगा.

धडा सापडला की थांबू नका. पुष्कळ धडे मोठ्या पुस्तकातून घेतलेले उतारे असतात. धड्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी बारीक अक्षरांत मूळ पुस्तक दिलेलं असतं. तुम्हाला आयुष्यभर अपुरी वाटत आलेली गोष्ट तिथे पुरी मिळते.

९. आजी सांगायची ती गोष्ट. छापील आहे का ती?

बहुधा आहे, पण आजीची जशीच्या तशी मिळणार नाही. लोककथेला एक मूळ प्रत नसते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी घ्या. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' प्रत्येक मराठी घरात ऐकलेलं, पण भोपळ्यातलीच म्हातारी बंगालीतही आहे आणि पंजाबकडे तीच युक्ती ढोलात बसलेल्या कोकराच्या नावावर आहे. कुणाच्या आजीने वाटेत वाघ भेटवला, कुणाच्या आजीने कोल्हा. यांतलं कुठलंच चूक नाही.

शोधताना पालुपद धरा, कारण सांगणारे कथानक बदलतात पण पालुपद सहसा सोडत नाहीत. गोष्ट 'आटपाट नगर होतं' अशी सुरू होऊन 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' अशी संपत असेल तर ती व्रताची कहाणी आहे. श्रावणातल्या कहाण्यांच्या लहानशा पुस्तकात ती मिळेल. गाभारा घागरींनी भरला नाही आणि म्हातारीच्या खुलभर दुधाने भरला, ही गोष्ट 'बालकथा' म्हणून शोधणारे दर वर्षी भेटतात. ती श्रावणी सोमवारची कहाणी आहे. बाकी लोककथांसाठी डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीतर्फे संपादित केलेले संग्रह चाळा.

१०. पुस्तक मोठं, गुळगुळीत, सुंदर चित्रांचं होतं आणि बर्फ होता. मराठीतच होतं.

ते सोव्हिएत पुस्तक असणार. मॉस्कोचं प्रगती प्रकाशन आणि पुढे रादुगा प्रकाशन मराठीत मुलांची पुस्तकं छापत असे आणि महाराष्ट्रात ती लोकवाङ्मय गृहातर्फे मिळत. त्या मानाने किंमत इतकी कमी असायची की ज्या घरात दुसरं पुस्तक नव्हतं तिथेही ती पोहोचली. १९९१मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि हा ओघ आटला. हीच पुस्तकं त्याच चित्रांसह हिंदी, बंगाली, मल्याळममध्येही निघत. बंगाली वाचकांनी तर ती मोठ्या जिव्हाळ्याने स्कॅन करून जपली आहेत. प्रश्न ६मधला उपाय इथेही चालतो, चित्रावरून ओळखा.

बर्फ नव्हता, चौकोनी पातळ पुस्तक होतं आणि चित्रं भारतीय होती, असं असेल तर नॅशनल बुक ट्रस्टची 'नेहरू बाल पुस्तकालय' माला तपासा. तिथेही एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत निघतं.

११. माणसांची नावं मराठी होती, पण आता विचार करताना गोष्ट परदेशी वाटते. असं असू शकतं?

सर्रास. आपल्याकडे रूपांतराची मोठी परंपरा आहे. गावं, नावं, सण बदलून परदेशी गोष्ट इथली करून टाकायची. साने गुरुजींनी अशा कितीतरी कथा मुलांसाठी लिहिल्या.

एका सत्तरीच्या बाईंची आठवण सांगते. त्यांना एवढंच आठवत होतं: एकटा राहणारा विणकर, रात्री मोहरा काढून मोजणारा. मोहरा चोरीला जातात. मग एके रात्री घरात सोनेरी केसांची एक लहानगी येते आणि त्याला वाटतं आपलं सोनंच परत आलं. त्यांनी वीस वर्षं 'चांदोबा' धुंडाळला होता. ती गोष्ट साने गुरुजींची 'मनूबाबा', आणि तिचं मूळ जॉर्ज इलियटची 'सायलस मार्नर' ही कादंबरी. मुलीचं नाव सोनी, हे मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "माझ्या भावाने मला पुढे आयुष्यभर सोनीच म्हटलं. का ते मी विसरून गेले होते."

मूळ परदेशी गोष्ट ओळखू आली की त्या कादंबरीची मराठी रूपांतरं शोधा. एकाच कादंबरीची दोन-तीन रूपांतरं असू शकतात आणि तुमचं त्यांतलं एकच असेल.

१२. पुस्तक घरात आहे, पण पहिली पानं फाटली आहेत. साल कसं ठरवायचं?

मागचं पान आणि उरलेल्या जाहिराती बघा. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक १ एप्रिल १९५७च्या आधीचं किंवा त्याच्या जवळपासचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असेल तर १९५७ ते १९६४. प्रकाशकाचा पत्ता 'पुणे ३०' किंवा 'मुंबई १४' असा असेल तर बहुधा १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचं, कारण त्या दिवशी सहा आकडी पिनकोड सुरू झाला आणि 'पुणे ३०'चं ४११०३० झालं. मजकुरात 'कांहीं', 'घरांत', 'पांच' असे अनुस्वार असतील तर तो १९६२च्या लेखननियमांआधी जुळवलेला असण्याची शक्यता मोठी. काही प्रकाशकांनी जुनी जुळणी पुढेही वापरली, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका. दोन-तीन खुणा जुळू द्या.

१३. कुठल्या ग्रंथालयात जाऊ, आणि काय विचारू?

आधी ज्या गावात वाचली तिथलं. मात्र मुलांची पुस्तकं हाताळून लवकर फाटतात आणि निर्लेखनात, म्हणजे जुनी-फाटकी पुस्तकं नोंदीतून काढून टाकताना, सगळ्यांत आधी तीच जातात. तिथे नसेल तर जुन्या मोठ्या संस्थांकडे वळा: ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), पुणे नगर वाचन मंदिर (१८४८). १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात द्यायची असते. सगळ्यांनी दिली असं नाही, पण शोधायची जागा ती आहे. १९५०पूर्वीच्या पुस्तकासाठी शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मागा.

काउंटरवर गेल्यावर गोष्ट सांगत बसू नका, मागे रांग असते. "१९६५ ते १९७०मधले मुलांच्या मासिकाचे बांधीव अंक बघायला मिळतील का?" असं विचारा. गोष्ट नंतर, दुपारी निवांत वेळी सांगा. ग्रंथालयातल्या जुन्या माणसांना ऐकायला आवडतं, आणि त्यांनी त्या अंकांवरची धूळ अनेकदा झटकलेली असते.

१४. चॅटबॉटने लेखक, साल, प्रकाशक सगळं सांगितलं. पण असं पुस्तक कुठेच नाही.

कारण बहुधा ते अस्तित्वातच नाही. जुन्या मराठी बालसाहित्याबद्दल ही यंत्रं अगदी खात्रीच्या सुरात रचलेली नावं सांगतात. त्यांच्याकडून पर्याय घ्यायला हरकत नाही, पण नाव कुठल्यातरी ग्रंथसूचीत किंवा मुखपृष्ठाच्या फोटोत दिसेपर्यंत ते खरं धरू नका. आणि प्रश्न २मधलं लिखाण त्याच्या आधी करा, नाहीतर रचलेला तपशीलच तुम्हाला 'आठवायला' लागेल.

१५. वाचली होती की नाटक पाहिलं होतं, हेच कळत नाही.

चेहरा आणि आवाज आठवत असेल तर पाहिलेली. चेटकिणीची आठवण सांगणारे पुष्कळ जण शेवटी रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'पाशी पोहोचतात. 'गोट्या'सारखी पुस्तकं दूरदर्शनवर मालिका म्हणूनही आली, तिथे दोन्ही आठवणी एक झालेल्या असतात.

१६. गोष्ट सापडली, पण शेवट वेगळा आहे. मग ही ती नव्हेच का?

शेवटावरून नकार देऊ नका. शेवट हा आठवणीतला सगळ्यांत कच्चा भाग. पुष्कळदा तो वाचून दाखवणाऱ्याने बदललेला असतो. आई मरते तिथे आपल्या आईने ती बरी झाल्याचं वाचून दाखवलेलं असतं. चित्रं, एखादं नाव, एखादी ओळ जुळत असेल तर गोष्ट तीच. यांतलं काहीच जुळत नसेल आणि फक्त कथानक सारखं असेल तर दुसरं रूपांतर शोधा (प्रश्न ११). पहिला अर्धा एका गोष्टीशी आणि दुसरा दुसरीशी जुळत असेल तर तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत. त्या एकाच अंकात शेजारी शेजारी होत्या का, ते बघा.

१७. पूर्ण गोष्ट स्कॅन करून पाठवाल का?

लेखकाच्या निधनानंतरची साठ वर्षं, म्हणजे कॉपीराइटची मुदत, पूर्ण झाली असतील तर पाठवता येते. साने गुरुजींचं निधन १९५० साली झालं, म्हणून त्यांचं लेखन २०११पासून खुलं आहे. त्यानंतरच्या लेखकांचं पुस्तक छापात असेल तर विकत घ्या. नसेल तर ते कुठल्या ग्रंथालयात आहे ते सांगते.

१८. वडिलांना ती गोष्ट पुन्हा ऐकायची आहे. त्यांच्याकडे वेळ कमी आहे आणि गोष्ट सापडत नाही.

शोध चालू ठेवा, पण आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि त्यांनाच ती सांगायला लावा. फोनवर रेकॉर्ड करा. मध्ये अडले तर गप्प राहा, तुमच्या तर्काने जागा भरू नका. ज्या जागी ते अडतात ती जागाही रेकॉर्ड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, दोनेक तपशील जास्त येतात. मग ते रेकॉर्डिंग ऐकून त्यांच्याच शब्दांत उतरवा आणि ते त्यांना वाचून दाखवा. चुकीचं वाटलं तर ते लगेच हात वर करून थांबवतात, आणि मग खरं काय होतं ते सांगतात.